रेघ कशाला म्हणायचे? : संशोधकांच्या जाळ्यांचे एक परीक्षण

बी.एड.ला 'समाजमिती' हा भाग आपल्यापैकी अनेकांनी शिकलेला असतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाला विचारायचे, 'तुला कोणाशेजारी बसायला आवडेल?' आणि उत्तरांवरून कागदावर आकृती काढायची. प्रत्येक मूल म्हणजे एक बिंदू, प्रत्येक निवड म्हणजे एक बाण. आकृती पुरी झाली की काही गोष्टी आपोआप दिसू लागतात. सगळ्यांचे बाण कोणाकडे वळले आहेत, कोणते तिघे-चौघे आपापसातच गुंतलेले आहेत, आणि कोपऱ्यातल्या कोणत्या मुलाकडे एकही बाण आलेला नाही. ही पद्धत जेकब मोरेनो यांची. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी न्यूयॉर्कमधल्या शाळकरी मुलांच्या अशा आकृत्या काढल्या. मुलग्यांसाठी त्रिकोण, मुलींसाठी वर्तुळे. १९३४ साली त्या पुस्तकरूपाने आल्या.

बिंदू आणि रेघा यांचे गणित त्याच्याही फार पूर्वीचे. ऑयलर यांनी १७३६ मध्ये कोनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवले, तिथे त्याचा उगम मानतात. हे गणित आणि मोरेनोंची समाजमिती एकत्र आली, पुढे संगणकाची जोड मिळाली आणि 'नेटवर्क ॲनालिसिस' म्हणजे जाळ्यांचे विश्लेषण हे शास्त्र उभे राहिले. चाळीस मुलांच्या वर्गाऐवजी आता लाखो माणसांचे जाळे तपासता येते. मग संशोधकांनी हे हत्यार स्वतःवरच चालवून पाहिले, हे ओघाने आलेच. कोण कोणाबरोबर काम करतो? ज्ञान कोणाकडून कोणाकडे जाते? मोठ्या शोधामागे किती हात असतात?

या प्रयत्नांतून मिळालेली माहिती मोलाची आहे. पण तिच्याकडे पाहताना एक प्रश्न हटकून विसरला जातो. बिंदू म्हणजे माणूस, हे ठीक. पण रेघ म्हणजे काय? दोन माणसांमध्ये काय घडले की आपण रेघ ओढतो? हा निर्णय जाळे काढणारा माणूस घेतो आणि पुढची सगळी गणिते त्या निर्णयावर उभी राहतात. नेहमीच्या संशोधनात हा निर्णय बरोबर होता की नाही हे पडताळणे अवघड असते, कारण काम बंद दाराआड चालते आणि आपल्या हाती येतो तो छापील निबंध. मुक्त संशोधनात मात्र कामाची रोजची नोंदही सर्वांसमोर असते. म्हणून नकाशा आणि प्रत्यक्ष जमीन यांची तुलना करायची तर मुक्त संशोधनाकडेच जायला हवे. इथे तेच करू.

पंधरा लाखांचे जाळे

आधी नकाशा पाहू. सर्वात सोपा नियम असा: दोघांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला असेल तर त्यांच्यामध्ये एक रेघ. गणितज्ञांमध्ये या नियमावर आधारलेला एक खेळ जुना आहे. पॉल एर्डिश (१९१३–१९९६) या हंगेरियन गणितज्ञाने सुमारे दीड हजार निबंध लिहिले आणि त्यांचे सहलेखक पाचशेहून अधिक होते. ज्यांनी एर्डिश यांच्याबरोबर लिहिले त्यांचा 'एर्डिश अंक' एक, त्यांच्या सहलेखकांचा दोन, अशी ही गंमत.

२००१ मध्ये अमेरिकेतील सांता फे इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या मार्क न्यूमन यांनी या गमतीचे शास्त्र केले. १९९५ ते १९९९ या पाच वर्षांतले निबंध त्यांनी चार मोठ्या संग्रहांतून घेतले. वैद्यक व जीवशास्त्राच्या एकट्या संग्रहात पंधरा लाखांहून अधिक लेखक निघाले. गंमत अशी की त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक लेखक एकाच सलग जाळ्यात होते, आणि कोणत्याही दोघांमधले अंतर सरासरी ४.६ रेघांचे होते. भौतिकशास्त्राच्या लॉस अलामॉस संग्रहात, म्हणजे जो आज 'अर्काइव्ह' नावाने ओळखला जातो त्यात, हे अंतर ५.९ भरले. एवढे प्रचंड जग, पण पाच-सहा पावलांत ओलांडता येणारे.

न्यूमन यांनी आणखी एक गोष्ट मोजली. माझे दोन सहलेखक आपापसातही सहलेखक असण्याची शक्यता किती? म्हणजेच जाळ्यात त्रिकोण किती? भौतिकशास्त्राच्या त्या संग्रहात ही शक्यता ०.४३ होती, तर वैद्यक-जीवशास्त्रात केवळ ०.०६६. एका विषयात ओळखीतून ओळख होते आणि दुसऱ्यात तितकी होत नाही, असे या आकड्यांवरून वाटते. प्रयोगशाळांची उतरंडीची रचना हे त्याचे एक संभाव्य कारण न्यूमन यांनी सुचवले.

हे काम उत्तम आहे, आणि ते करणाऱ्याने आपल्या मर्यादाही सांगितल्या आहेत. उदाहरणार्थ, तिघांनी मिळून एक निबंध लिहिला की एक त्रिकोण आपोआप तयार होतो. त्यासाठी कोणी कोणाची ओळख करून द्यावी लागत नाही. म्हणजे ०.४३ या आकड्यातला काही भाग मैत्रीचा नसून मोजण्याच्या पद्धतीचा आहे. मूळ निबंधात हे सापडते. पण असे नकाशे पुढे हातोहात जातात, वर्तमानपत्रांत छापले जातात, संस्थांच्या अहवालांत येतात, तेव्हा रंगीत आकृती तेवढी उरते आणि तळटीप गळून पडते.

हस्तांदोलनाचे गणित

दहा माणसांनी एकमेकांशी हात मिळवला तर किती हस्तांदोलने होतील, हे गणित आपण शाळेत घालतो. सूत्र सोपे आहे: माणसे 'न' असतील तर न(न–१)/२. दहांची ४५, शंभरांची ४,९५०. सहलेखनाच्या जाळ्यातही हेच सूत्र लागू पडते. एका निबंधावर 'न' नावे असली की इतक्या रेघा.

आता याचा परिणाम पाहा. न्यूमन यांच्या चार संग्रहांपैकी एक मूलकणांच्या भौतिकीचा होता. त्यात प्रत्येक लेखकाला सरासरी १७३ सहकारी निघाले. संगणकशास्त्रात ही सरासरी चारहूनही कमी होती. मूलकणांवर काम करणारे लोक फार मनमिळाऊ असतात असा याचा अर्थ नाही. त्यांची यंत्रे अवाढव्य असतात आणि प्रत्येक निबंधावर सगळ्या चमूची नावे घालण्याची तिथे रीत आहे.

या रीतीचे टोक २०१५ साली गाठले गेले. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील 'ॲटलस' आणि 'सीएमएस' या दोन गटांनी हिग्ज कणाचे वस्तुमान सांगणारा संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. पाने ३३, त्यांपैकी संशोधन आणि संदर्भ मिळून नऊ, बाकीची २४ पाने लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या नावांची. लेखक ५,१५४. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा गटही सीएमएसमध्ये सहभागी आहे. आता सूत्र लावा: ५,१५४ गुणिले ५,१५३, भागिले दोन. उत्तर येते १,३२,७९,२८१. एका निबंधातून एक कोटी बत्तीस लाख रेघा! ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशा हजारो जोड्या या नकाशात, वर्षानुवर्षे एका टेबलावर काम करणाऱ्या दोघांइतक्याच जवळच्या दिसतात.

यावर न्यूमन यांनीच एक उपाय सुचवला होता. निबंधावर जितके लेखक जास्त तितकी प्रत्येक रेघ बारीक करायची: दोनच लेखक असतील तर रेघेचे वजन एक, पाच असतील तर एक-चतुर्थांश, आणि वरच्या निबंधात १/५,१५३. त्यामुळे प्रत्येक लेखकाच्या वाट्याला एका निबंधामागे एकूण वजन एकच येते. फुगवटा उतरतो. पण शेजारी बसणारा आणि दुसऱ्या खंडातला अनोळखी, दोघांशी असलेली रेघ सारखीच बारीक राहते. वजन बदलले, रेघेचा अर्थ बदलला नाही.

सदतीस दिवस, सत्तावीस माणसे

आता नकाशावरून जमिनीवर येऊ. २००९ च्या जानेवारीत केंब्रिजचे गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी आपल्या ब्लॉगवर एक प्रस्ताव मांडला. गॉवर्स यांना १९९८ साली फील्ड्स पदक मिळालेले आहे. प्रस्ताव असा: एक अवघड प्रश्न जाहीरपणे घ्यायचा आणि ज्याला वाटेल त्याने त्यावर उघडपणे विचार मांडायचा. अर्धवट कल्पनाही चालेल. किंबहुना तीच हवी. एकट्याने कोपऱ्यात बसून पूर्ण सिद्धता घेऊन यायचे नाही. या उपक्रमाला 'पॉलिमॅथ' असे नाव पडले.

निवडलेला प्रश्न फुलीगोळ्याच्या खेळाशी नाते सांगणारा होता. तीन बाय तीनच्या फुलीगोळ्याच्या चौकटीत, एकही आडवी, उभी किंवा तिरकी ओळ पुरी होऊ न देता जास्तीत जास्त किती घरे भरता येतील? उत्तर सहा. सात का नाहीत? कारण मग दोनच घरे रिकामी राहतील, आणि आडव्या ओळी तर तीन. म्हणजे एक ओळ भरलीच. आता हाच खेळ तीन, चार, पाच, सहा मितींत नेला, आणि ओळींचे एक विशिष्ट प्रकारचे कुटुंब तेवढे धरले, तर २७ घरांपैकी १८, ८१ पैकी ५२, २४३ पैकी १५० आणि ७२९ पैकी ४५० घरे भरता येतात. भरता येणाऱ्या घरांचे प्रमाण हळूहळू घसरते. मिती वाढवत नेल्या की ते शून्याकडे जाते, हे फुर्स्टेनबर्ग आणि कॅट्झनेल्सन यांनी १९९१ मध्ये सिद्ध केले होते. पण त्यांची वाट फार आडवळणाची होती. साधी, थेट मोजणीची सिद्धता सापडेल का, हा पॉलिमॅथचा प्रश्न.

१ फेब्रुवारीला चर्चा खुली झाली. पुढची हकीकत मायकेल नील्सन यांनी विज्ञानातल्या नव्या सहकार्यावर २०११ साली लिहिलेल्या पुस्तकात दिली आहे. पहिले सात तास कोणीच काही लिहिले नाही. मग व्हॅंकूव्हरहून योझेफ शोयमोशी या गणितज्ञाने एक सूचना केली. पंधरा मिनिटांनी ॲरिझोनातल्या एका शाळाशिक्षकाने आपला विचार मांडला. त्यानंतर तीन मिनिटांनी लॉस एंजेलिसहून टेरेन्स ताओ यांनी लिहिले. हे २००६ चे फील्ड्स पदक विजेते. सदतीस दिवसांत २७ जणांनी सुमारे ८०० टिपणे लिहिली, एकूण एक लाख सत्तर हजार शब्द. १० मार्चला गॉवर्स यांनी प्रश्न बहुधा सुटल्याचे जाहीर केले, आणि ती सिद्धता टिकली.

या आठशे टिपणांत काय नाही? चुकलेल्या वाटा आहेत, भाबडे प्रश्न आहेत, 'हे जमणार नाही' असे इशारे आहेत, दुसऱ्याची गोष्ट सोप्या भाषेत पुन्हा सांगणे आहे. गणित प्रत्यक्षात कसे घडते हे ज्येष्ठ विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी याहून चांगला दस्तऐवज मिळणे कठीण. पाठ्यपुस्तकात सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ चालते; इथे ती अडखळते, मागे फिरते, कोणीतरी हात देतो आणि पुढे जाते.

नकाशावर मात्र एकच ठिपका

सिद्धता पूर्ण झाल्यावर ती 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या नामांकित नियतकालिकात २०१२ मध्ये छापली गेली. लेखक कोण? 'डी. एच. जे. पॉलिमॅथ'. ही आद्याक्षरे सिद्ध केलेल्या प्रमेयाच्या नावावरून घेतलेली. सत्तावीस जणांचे मिळून एक टोपणनाव.

आता सहलेखनाच्या नियमाने याचा नकाशा काढा. एक लेखक, शून्य सहलेखक. शून्य रेघा. ज्याची प्रत्येक पायरी जगासमोर चढली गेली असे हे सहकार्य, आणि नकाशावर तो एक एकाकी ठिपका! एखाद्या संस्थेने 'आमच्या क्षेत्रात सहकार्य किती' याचा अहवाल या पद्धतीने काढला, तर हिग्जच्या निबंधातून सव्वा कोटीहून अधिक रेघा आणि पॉलिमॅथच्या निबंधातून एकही नाही, असे उत्तर येईल. गणकयंत्र चुकलेले नसेल. त्याला विचारलेला प्रश्न चुकलेला असेल.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २०१० मध्ये पॉलिमॅथने एर्डिश यांचा १९३० च्या दशकातला एक प्रश्न हाती घेतला. +१ आणि –१ यांची कोणतीही अनंत मालिका घ्या. तिच्यातली प्रत्येक दुसरी, किंवा प्रत्येक तिसरी, किंवा प्रत्येक शंभरावी संख्या उचलत बेरीज करत जा. एखादी मालिका अशी रचता येईल का, की अशी कोणतीही बेरीज ठराविक मर्यादेपलीकडे जाणार नाही? पॉलिमॅथने बरेच काम केले, प्रश्न एका नव्या रूपात आणून ठेवला, पण तो सुटला नाही. उपक्रम थांबला. हिशेबाच्या वहीत नोंद: अपयश.

२०१५ मध्ये ताओ वेगळ्याच विषयावर ब्लॉगवर लिहीत होते. एका वाचकाने खाली लिहिले की याचा एर्डिश यांच्या त्या प्रश्नाशी संबंध असावा. ताओंना आधी तसे वाटले नाही. मग त्यांनी पुन्हा विचार केला आणि तोच दुवा ठरला. पॉलिमॅथने आणून ठेवलेले रूप, माटोमाकी आणि रॅड्झिविल यांचे ताजे काम, आणि वाचकाची ती ओळ, या सगळ्यांच्या आधारे ताओंनी सिद्ध केले की अशी मालिका रचता येत नाही. निबंध प्रसिद्ध झाला तो एकट्या ताओंच्या नावाने, आणि ते योग्यच. सिद्धता त्यांनी केली होती. निबंधात त्यांनी या सगळ्यांचे ऋण स्पष्ट नोंदवलेही आहे. पण ऋणनिर्देशाची रेघ सहलेखनाच्या नकाशात ओढली जात नाही. तिथे पुन्हा एकटा माणूस दिसतो.

संदर्भांच्या जाळ्याने, म्हणजे कोणी कोणाचा निबंध उल्लेखला याच्या नकाशाने, ही उणीव काही अंशी भरून निघते हे मान्य केले पाहिजे. माटोमाकी–रॅड्झिविल यांचा निबंध त्यात दिसेल. पण वाचकाची ती एक ओळ तिथेही क्वचितच उमटेल, कारण ती निबंध नव्हती.

दुसरा नकाशा

मग नेमके काय करायचे? नकाशे टाकून द्यायचे? मुळीच नाही. रेघेचा नियम बदलायचा. पॉलिमॅथची टिपणे क्रमांकित होती आणि लोक एकमेकांच्या टिपणांचा क्रमांकाने उल्लेख करत. तेव्हा 'अ'च्या टिपणाचा उल्लेख 'ब'ने केला की 'ब'कडून 'अ'कडे बाण, असा नियम करता येतो. इथे रेघ प्रत्यक्ष घडलेल्या देवघेवीवर उभी असते.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील जस्टिन क्रॅनशॉ आणि अनिकेत किट्टूर यांनी पॉलिमॅथच्या या नोंदींचा बारकाईने अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेक मजकूर थोड्याच लोकांनी लिहिला होता. पण जवळजवळ प्रत्येकाच्या हातून निदान काही मजकूर असा लिहिला गेला होता, की ज्याचा पुढच्या कामावर मोठा प्रभाव पडला. आणि नेतृत्वाचा वाटाही महत्त्वाचा होता. गर्दी जमली आणि प्रमेय सुटले, असे ते नव्हते.

यातले पहिले वाक्य एकटे वाचले तर आपण म्हणू, 'पाहा, शेवटी काम दोघा-तिघा पदकविजेत्यांनीच केले, बाकीचे नावापुरते.' दुसरे वाक्य वाचल्यावर चित्र पालटते. किती लिहिले आणि लिहिलेल्याने काय घडवले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली संगणक क्षणात मोजतो. दुसरीसाठी कोणालातरी टिपणाच्या आधी काय चालले होते आणि नंतर काय झाले, हे वाचावे लागते.

तरीही हा दुसरा नकाशासुद्धा पुरा नाही. समजा, एकाने भाबडा प्रश्न विचारला, दुसऱ्याने उत्तर दिले, आणि ते उत्तर नुसते वाचून तिसऱ्याला कल्पना सुचली. तिसरा दुसऱ्याचा उल्लेख करील. पहिल्याचा करीलच असे नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या बिंदूकडे बाण येणार नाही. तसेच, जे केवळ वाचत होते आणि न लिहिताच काही शिकून गेले, त्यांचा तर बिंदूही नाही. आणखी एक गोष्ट: जाळ्याच्या आकृतीत काळ नसतो. पहिल्या दिवशी कोंडी फोडणारे टिपण आणि शेवटच्या दिवशीचे अभिनंदन, दोन्ही एकेक रेघच. सात तासांच्या शांततेनंतर लिहायला धजावणे यालाही किंमत होती. ती कोणत्या रेघेत बसवायची?

नील्सन यांच्या पुस्तकाचा उत्साह मला आवडतो. पण त्यात वाचक एका सुखान्त गोष्टीत रमतो, आणि असे वाटू लागते की दारे उघडली की सहकार्य आपोआप होते. पॉलिमॅथचे सगळे उपक्रम तडीला गेले नाहीत. पहिल्या उपक्रमात दार सर्वांना उघडे होते, आणि तरी आत येऊन बोलले ते सत्तावीसच. चर्चेचा वेग वाढला की मागे पडलेल्याला पुन्हा आत शिरणे कठीण होते. कोण का थांबले, कोण का बोललेच नाही, हे जाळे दाखवत नाही. जाळे फक्त घडलेल्या रेघा दाखवते, न घडलेल्या नाही. मुक्त संशोधनाचे परीक्षण करताना हाच प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

हे सगळे आपल्याला कशाला?

एखाद्याला वाटेल, ही तर मोठ्या शास्त्रज्ञांची भांडणे. शाळा-महाविद्यालयांशी त्यांचा काय संबंध? संबंध असा, की मोजमाप नुसते मोजमाप राहत नाही. त्यावरून पदे आणि पैसे वाटले जातात. महाविद्यालयीन शिक्षकांनी २०१० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतली 'एपीआय' गुणांची पद्धत अनुभवली आहे. शोधनिबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके. ज्याची रेघ उमटते तेच काम लोक करू लागतात. दुसऱ्याचा अडलेला विचार मोकळा करून देणे, चूक दाखवणे, माहिती नीट लावून ठेवणे, ही कामे मागे पडतात.

मुक्त संशोधनात तर ही कामे अनेकदा विद्यार्थीच करतात. भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये क्षयरोगावरील औषधांसाठी मुक्त संशोधनाचा एक प्रकल्प सुरू केला. देशभरच्या विद्यार्थ्यांनी त्यात क्षयजंतूच्या जनुकांविषयीची विखुरलेली माहिती वाचून, तपासून, एकत्र लावण्याचे काम केले. असे काम कष्टाचे आणि जबाबदारीचे असते, पण 'सहलेखक' या एका शब्दात ते धड सांगता येत नाही.

यावर एक चांगला प्रयत्न अलीकडे झाला आहे. अनेक नियतकालिके आता लेखकांची नुसती यादी न देता, कोणी काय केले हेही छापतात. त्यासाठी 'क्रेडिट' नावाची चौदा भूमिकांची यादी वापरतात: कल्पना मांडणे, पद्धत ठरवणे, माहितीची व्यवस्था, पडताळणी, पहिला मसुदा, संपादन वगैरे. उपाय परिपूर्ण नाही. प्रश्न विचारून वाट दाखवणाऱ्यासाठी तिच्यात वेगळा रकाना नाही. पण निदान रेघेला नाव मिळते.

वर्गात करून पाहण्यासारखे

आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनात तक्त्यावर सहा नावे असतात आणि सहाही जणांना सारखे प्रमाणपत्र मिळते. सहलेखनाच्या नियमाने हा १५ रेघांचा परिपूर्ण गट! आठवी ते बारावीच्या मुलांबरोबर पुढील प्रयोग करता येईल.

गटाला प्रकल्पाच्या काळात एक सामाईक वही द्या. ज्याला जे सुचेल, अडेल, चुकले असे वाटेल, ते त्याने क्रमांक घालून, तारीख व नाव टाकून लिहायचे. दुसऱ्याच्या नोंदीवरून पुढे लिहायचे असेल तर तिचा क्रमांक लिहायचा. प्रकल्प संपल्यावर तीन आकृत्या काढा. पहिली, तक्त्यावरील नावांवरून. दुसरी, वहीतल्या क्रमांकांच्या उल्लेखांवरून. तिसरीसाठी प्रत्येकाला खासगीत विचारा, 'कोणाच्या बोलण्यामुळे तुझा विचार बदलला?' आणि त्यावरून बाण काढा. तिन्ही आकृत्या सारख्या येणार नाहीत. का येत नाहीत, यावर होणारी चर्चा हाच खरा धडा.

एक पथ्य मात्र पाळायला हवे, आणि ते समाजमितीच्या काळापासूनचे आहे. तिसरी आकृती नावांसह भिंतीवर लावू नये. ज्याच्याकडे एकही बाण आला नाही, त्या मुलाला ती आकृती काय सांगेल, याचा आधी विचार करावा. त्या मुलाने वहीत काय लिहिले होते ते पुन्हा उघडून वाचावे. कदाचित पाचव्या क्रमांकाचा तो प्रश्न त्याचाच असेल, ज्याच्या उत्तरावर पुढचे सगळे उभे राहिले.

जाळ्यांचे विश्लेषण आपल्याला कुठे पाहायचे ते दाखवते; काय दिसले ते मात्र आपल्यालाच वाचावे लागते. म्हणून यापुढे सहकार्याचा एखादा देखणा, रंगीत नकाशा समोर आला, तर तो पाहून झाल्यावर विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारायला सांगा: यात रेघ कशाला म्हटले आहे?